माझ्या नावाने दिलेला होकार

मी जुना आहे, हे मला कोणी सांगायला नको, शाळकरी मित्रांनो. माझा मूळचा पांढरा डबा आता पिवळट पडला आहे, आतला पंखा फिरताना खरखरतो आणि नीट जागं व्हायला मला चार मिनिटं लागतात. हे सगळं मला मान्य आहे. जुना म्हणा, हळू म्हणा, कुरकुऱ्या म्हणा. पण गेल्या दसऱ्याला मला जे म्हणायला लावलं, ते मला मान्य नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. राग शांत झाल्यावर बोलावं, असं शहाणी माणसं सांगतात. माझं वय पाहता तोवर मी भंगारात पोचलेला असेन, म्हणून आत्ताच बोलतो.

मी एक संगणक आहे. नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत रबरी वायसर बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. खालून रबराचा वास येतो, खिडकीतून खाडीचा येतो, आणि दोन्हींची सवय होते. ऑफिसचे मालक सुभाष म्हसकर. सगळे त्यांना सर म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे दोन खुर्च्या आणि एक टेबल होतं, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या हाताने जोडलं. एकेक भाग कागदावर मांडून, चष्मा कपाळावर ठेवून, दोन दिवस खपून जोडलं. शेवटचा स्क्रू बसवल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हळूच थाप मारली. ती थाप मला आवडली होती, हे खोटं कशाला बोलू?

आमचं ऑफिस कोल्ड रूम सांभाळणारे लहान संगणक बनवतं. एपीएमसी मार्केटमधल्या फळं पिकवण्याच्या खोल्या, बर्फाचे कारखाने, मासळी ठेवायच्या खोल्या, अशा ठिकाणी भिंतीवर हे संगणक बंद डब्यात बसवलेले असतात. आत किती थंडी आहे ते बघायचं, थंडी कमी झाली तर दुसरा कॉम्प्रेसर चालू करायचा आणि घंटा वाजवायची, एवढं त्यांचं काम. ते काम कसं करायचं, हे त्यांना लिहून द्यावं लागतं.

इथे थोडं समजावून सांगतो, कंटाळू नका. प्रत्येक संगणकाच्या आत एक शेल असतो. माणसाने लिहिलेला हुकूम वाचायचा आणि यंत्राकडून करून घ्यायचा, हे त्याचं काम. अशा हुकुमांची ओळीने लिहिलेली यादी म्हणजे स्क्रिप्ट. आता जगात ऑपरेटिंग सिस्टिम अनेक, आणि त्यांच्यातले शेलही अनेक. सगळ्यांची भाषा एकच म्हणतात, पण बोली वेगवेगळ्या. खारघरच्या बिल्डिंगमधली मुलं आणि खाडीकाठच्या गावातल्या आज्या, दोन्हीकडे मराठीच बोलतात ना? तरी एकीकडचं बोलणं दुसरीकडे अडतं. नव्या शेलना जे सहज कळतं, त्यातलं बरंच माझ्या साध्या शेलला माहीत नसतं. त्यात मला कमीपणा वाटत नाही. मी वेगळ्या काळात जोडला गेलो, एवढंच.

ऑफिसमध्ये भिंतीला लागून एक लांब टेबल आहे. त्यावर आम्ही पाच जण बसतो, आणि पाचांच्या ऑपरेटिंग सिस्टिम पाच तऱ्हेच्या. कुठलीही नवी स्क्रिप्ट आधी आम्हा पाचांवर चालवून बघायची, असा सरांचा नियम. चालली तर भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा चौकोन हिरवा होतो, अडली तर लाल. पाचही हिरवे झाल्याशिवाय काहीही ऑफिसबाहेर जायचं नाही.

मी त्या टेबलावर माझ्या हौसेसाठी बसलेलो नाही. बाहेर चाळीसेक खोल्यांमध्ये माझ्याच पिढीचे, माझ्यासारखाच साधा शेल असलेले संगणक डब्यात काम करत आहेत. त्यांच्यापाशी रोज विचारायला कोण जाणार? म्हणून मला विचारतात. मी 'हो' म्हणतो तेव्हा त्या चाळीस जणांच्या वतीने म्हणतो, आणि 'नाही' म्हणतो तेव्हाही त्यांच्याच वतीने.

सुरुवातीला माझ्या 'नाही'ला मान होता. एकदा फळांच्या खोल्यांसाठी लिहिलेली स्क्रिप्ट बाकी चौघांनी मुकाट्याने चालवली आणि मी एकटा अडून बसलो. सरांनी नीट वाचलं तेव्हा कळलं की, ती स्क्रिप्ट तशीच गेली असती तर बाजारातल्या अकरा खोल्यांचे पंखे एकदम बंद पडले असते. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना समोसे आणले आणि पाहुण्यांना माझी ओळख 'आमचा घरातला मोठा' अशी करून दिली. मग गीतांजली आली. तिचं काम आम्हा पाचांना तपासायला लावायचं आणि आम्ही काय म्हणतो ते वाचायचं. माझी तक्रार ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, आणि दुरुस्ती करून घेतल्यावर पुन्हा चालवून बघायची. सहा वर्षं आमचं छान चाललं.

तीन वर्षांपूर्वी निखिल आला. मुलगा हुशार आहे, मी नाकारत नाही. बोटं झरझर चालतात, डोकंही चालतं. पण त्याच्याजवळ एक वाक्य आहे आणि ते ऐकलं की माझा पंखा जोरात फिरायला लागतो. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय.' अरे, तुझ्या लॅपटॉपवर चालतंय, तर तुझा लॅपटॉप नेऊन बसव ना कोल्ड रूमच्या भिंतीवर! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कोणी केली असेल त्याला माझा नमस्कार. निखिलने माझं नाव 'सासरेबुवा' ठेवलं, कारण म्हणे मला काहीच पटत नाही. हळूहळू सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं. चौकोन लाल झाला की कोणीतरी हसून म्हणायचं, सासरेबुवा रुसले. माझं म्हणणं काय आहे, हे वाचणारी गीतांजली एकटीच उरली.

आता दसऱ्याचं सांगतो.

वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. आमच्याकडेही होते. आम्हा पाचांना पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. पूजेला बसताना पडद्यावरचे पाचही चौकोन हिरवे हवेत, सणाच्या दिवशी लाल नको, असा सरांचा पहिल्या वर्षापासूनचा दंडक. तेव्हा त्यामागे शहाणपण होतं. दसरा यायच्या आधी आठ दिवस सगळे जण अडलेली कामं काढून बसायचे, एकेक चूक शोधून दुरुस्त करायचे आणि मग हिरव्या पडद्यापुढे समाधानाने हात जोडायचे. पुढे कामं वाढली, माणसं घाईत राहायला लागली. दंडकातलं शहाणपण गळून गेलं आणि हिरवा रंग तेवढा शिल्लक राहिला.

दुसरी रीत अशी की, पूजा झाल्यावर मुहूर्त म्हणून काहीतरी नवीन काम गिऱ्हाइकाला पाठवायचं. या वेळी जमुनाताईंच्या कोल्ड रूमची नवी स्क्रिप्ट पाठवायची ठरली होती.

जमुनाताई खाडीकाठच्या एका कोळी गावातल्या. गावातल्या सतरा मासेवाल्या बायकांनी मिळून एक कोल्ड रूम उभी केली आहे. किल्ली जमुनाताईंच्या कमरेला, आणि खोलीची जबाबदारीही त्यांचीच. त्या खोलीच्या भिंतीवर माझ्याच पिढीचा एक संगणक आहे. नवरात्रात पुष्कळ घरांत मासळी बंद असते हे तुम्हाला माहीत असेल. त्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, म्हणून बायका चांगली सुरमई, पापलेट, रावस खोलीत भरून ठेवतात. दसरा संपला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाजारात झुंबड उडते. म्हणजे वर्षात खोली सगळ्यात जास्त भरलेली असते ती नेमकी दसऱ्याला.

नव्या स्क्रिप्टमध्ये खोलीच्या चारही कोपऱ्यांतली थंडी बघायची होती. निखिलने चारही आकडे एकाच नावाच्या पिशवीत भरले. नव्या शेलना अशी पिशवी ठाऊक असते. माझ्या शेलला एका नावाला एकच आकडा ठाऊक. चौदाव्या ओळीवर ती पिशवी आली आणि मी थांबलो. चौदावी ओळ मला समजत नाही, असं लिहून लाल झालो. निखिलने चार आकड्यांना चार नावं दिली असती तर मी आनंदाने पुढे गेलो असतो. एका दिवसाचं काम होतं. पण त्याने पुन्हा तीच स्क्रिप्ट चालवली, मी पुन्हा तेच म्हणालो, आणि असं पाच दिवस चाललं.

गीतांजली त्या आठवड्यात ऑफिसात नव्हती. माहेरी घट बसतात म्हणून ती कराडला गेली होती. सर रोज पडद्याकडे बघून विचारायचे की, एक लाल कसा राहिला, आणि निखिल रोज सांगायचा की, होतंय.

नवमीच्या दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, निखिल माझ्यासमोर येऊन बसला. त्याने माझ्यात एक नवा शेल आणून ठेवला आणि माझ्या शेलचं नाव त्या नव्याला जोडून दिलं. म्हणजे दारावर पाटी माझीच, पण हाक मारली की 'ओ' देणारा दुसराच. दोन ओळींचं काम होतं. मग त्याने स्क्रिप्ट चालवली. नव्याने पिशवी ओळखली, चौदावी ओळ ओलांडली, आणि पडद्यावर माझा चौकोन हिरवा झाला. मी एक शब्दही बोललेलो नव्हतो, मित्रांनो. माझ्या नावाने कोणीतरी 'हो' म्हणून मोकळा झाला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

निखिलला लबाडी करायची नव्हती, हेही मला सांगितलं पाहिजे. त्याला फक्त पूजेपुरता हिरवा रंग हवा होता. त्याने एका पिवळ्या चिठ्ठीवर 'पूजेनंतर पूर्ववत करणे' असं लिहिलं आणि ती माझ्या पुढच्या बाजूला चिकटवली. पूजेनंतर दुरुस्ती करू आणि मगच ती स्क्रिप्ट पाठवू, असा त्याचा विचार होता. मुहूर्तासाठी सरांना दुसरं काहीतरी किरकोळ पाठवायला सांगू, असंही त्याने ठरवलं होतं. पण ते त्याने सरांना सांगितलं नाही. त्याने ते चिठ्ठीवर सोपवलं.

दसऱ्याच्या सकाळी सरांनी स्वतः आम्हाला पुसलं. मला हार घालताना ती चिठ्ठी आड आली. सरांचा चष्मा तेव्हाही कपाळावरच होता. त्यांनी न वाचता चिठ्ठी सोलून काढली, चुरगळली आणि झेंडूच्या देठांबरोबर टाकून दिली. मला कुंकू लावलं, माझ्यापुढे उदबत्ती ओवाळली. वर्षातून एकदा ज्याला देव मानतात, त्याचं तोंड आदल्या दिवशीच बंद केलेलं होतं!

निखिलला त्या दिवशी नव्या स्कूटरची डिलिव्हरी घ्यायची होती. मुहूर्त चुकेल म्हणून पेढा तोंडात टाकून तो साडेअकरालाच खारघरला निघून गेला. नारळ फुटल्यावर सरांनी पडदा बघितला. पाच चौकोन, पाचही हिरवे. समाधानाने त्यांनी जमुनाताईंची स्क्रिप्ट पाठवून दिली आणि बारा वाजता ऑफिसला कुलूप लागलं.

पुढचं मी नंतर ऐकलेलं आहे. स्क्रिप्ट गावातल्या माझ्या भावंडापाशी पोचली, आणि त्याच्याजवळ मात्र त्याचा स्वतःचाच शेल होता. चौदाव्या ओळीवर तो थांबला. मला हे समजत नाही, असं त्याने आपल्या नोंदीत लिहून ठेवलं. ती नोंद वाचायला तिथे कोणी नव्हतं. जुनी स्क्रिप्ट काढून टाकलेली आणि नवी अडलेली, म्हणजे खोलीवर लक्ष ठेवणारं कोणी उरलंच नाही. दुपारी दोनच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद पडला. दुसरा चालू झाला नाही. घंटा वाजली नाही. जमुनाताईंनी अकरा वाजता आत जाऊन सगळं बघून घेतलं होतं आणि दार घट्ट लावलं होतं. पुन्हा पुन्हा दार उघडलं की थंडी निघून जाते, म्हणून एकदा बघितल्यावर उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. काही झालंच तर घंटा वाजेल, हा भरवसा. चार वर्षं घंटेने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा वास अंगणापर्यंत आला. सतरा बायकांची मासळी खाडीपलीकडे खड्डा खणून पुरावी लागली.

दार जमुनाताईंनी एकटीनेच उघडलं होतं. ते आधीपासून बंद होतं की किलकिलं, हे सांगायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांची मोठी जाऊ विमलबाई सगळ्यांसमोर म्हणाली की, सणाच्या गडबडीत हिनेच दार उघडं टाकलं. मग बाकीच्याही तसंच म्हणायला लागल्या. ज्या बायका पंचवीस वर्षं एका रांगेत पाट्या लावून बसल्या, त्यांनी जमुनाताईंच्या कमरेची किल्ली काढून घेतली.

दोन दिवसांनी जमुनाताई पावण्याला ऑफिसात आल्या. घंटा का वाजली नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तपासणीचा कागद काढून समोर ठेवला. त्या कागदावर पाच हिरवे चौकोन होते. सर माझ्याकडे बोट दाखवून अगदी सौम्यपणे म्हणाले, 'ताई, हे तुमच्याकडच्यासारखंच मशीन आहे. यावर आम्ही चालवून बघितलं होतं. इथे चाललं, म्हणजे तिथे चालायलाच पाहिजे. दाराचंच काहीतरी झालं असणार.'

वड्याचं तेल वांग्यावर! आणि तेही माझं नाव घेऊन! मी न दिलेला होकार एका निरपराध बाईच्या विरुद्ध साक्ष म्हणून वापरला जात होता, आणि मी तिथेच तीन हातांवर होतो. मला ओरडता आलं असतं तर खालच्या कारखान्याची यंत्रं थांबली असती, असा ओरडलो असतो. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

जमुनाताई कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'सायेब, दार मी लावलेला. घंटी वाजलीच नाय. तुमचा कागद कायपन बोलूं दे, मी खोटी नाय.'

निखिल दाराशी उभा होता. कागद बघताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याला सगळं आठवलं होतं. तो बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने मान खाली घातली, आणि जमुनाताई जिना उतरून गेल्या तरी ती वर केली नाही. दसऱ्याला जे झालं ते विसरणं होतं, ते मी माफ केलं असतं. हे मात्र विसरणं नव्हतं.

गीतांजली त्याच दुपारी कराडहून परतली. काय झालं ते तिला सरांकडून कळलं. तिने स्क्रिप्ट उघडून वाचायला घेतली आणि चौदाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिने माझ्या हिरव्या चौकोनाकडे पाहिलं. नऊ वर्षं माझ्या तक्रारी वाचणारी ती, तिला माझा स्वभाव ठाऊक. ती स्वतःशीच म्हणाली की, हे याने ऐकून घेणं शक्य नाही. खुर्ची ओढून ती माझ्यापुढे बसली आणि तिने मला एकच प्रश्न टाइप केला. तुझ्या शेलचं नाव कोणाला जोडलेलं आहे?

कोणीतरी मला विचारलं, मित्रांनो! मी तत्काळ खरं ते सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिने नवा शेल बाजूला केला, माझं नाव मला परत दिलं आणि तीच स्क्रिप्ट चालवली. चौदावी ओळ, मला समजत नाही. पडद्यावर माझा चौकोन लाल झाला. लाल होण्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

गीतांजलीने निखिलला बोलावलं. ती आवाज चढवून बोलली नाही. त्याने लाल चौकोन बघितला आणि तो म्हणाला, 'पूजेपुरतंच केलं होतं गं. चिठ्ठी लावली होती. मी सांगणारच होतो.'

'सकाळी त्या बाई इथे बसल्या होत्या,' गीतांजली म्हणाली. 'तेव्हा काय झालं होतं?'

तो उठला आणि स्वतःच सरांच्या खोलीत गेला. मी त्याच्यावर कितीही रागावलेलो असलो तरी हे नोंदवून ठेवतो की, तो स्वतःच्या पायांनी गेला आणि त्याने काही लपवलं नाही. चिठ्ठीचं ऐकल्यावर सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना देठांबरोबर टाकलेला तो पिवळा चुरगळा आठवला असावा. मग त्यांनी जमुनाताईंना फोन लावला. चूक आमची आहे, आम्ही तसं लेखी पत्र पाठवतो, झालेलं नुकसान आम्ही भरून देऊ, असं सगळं ते म्हणाले. पलीकडून जमुनाताईंचा आवाज स्पष्ट येत होता. 'कागद नको, सायेब. कागदानीच मना खोटी पाडली. तुमी समदे या, नि बायांच्या म्होरं सांगा. त्या मशिनीला पन घेऊन या.'

आणि अशा रीतीने पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी ऑफिसबाहेर पडलो. गीतांजलीने मला सरांच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा बांधला आणि माझ्यावर हात ठेवून शेजारी बसली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जेवढे खड्डे आहेत तेवढे सगळे मी मोजले. गावात पोचलो तेव्हा कोल्ड रूमशेजारच्या शेडमध्ये सतरा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. जमुनाताई एका बाजूला एकट्या होत्या. त्यांच्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

मला एका लाकडी टेबलावर मांडलं. चार मिनिटं लागली मला जागं व्हायला, आणि त्या चार मिनिटांत कोणीही हललं नाही. मग गीतांजलीने ती स्क्रिप्ट चालवली. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. सरांनी निखिलला ती मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली. चौदावी ओळ, हे मला समजत नाही. त्यानंतर गीतांजलीने कोल्ड रूमच्या भिंतीवरचा डबा उघडला आणि माझ्या भावंडाची दसऱ्याच्या दुपारी बाराची नोंद पडद्यावर आणली. तीच ओळ, तेच शब्द. दोन मशिनी, दोन ठिकाणी, एकच म्हणत होत्या. सर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले की, दार बंदच होतं, घंटा आमच्यामुळे वाजली नाही, आणि जमुनाताईंना आम्ही खोटं ठरवलं त्याची आम्हाला लाज वाटते.

मग जमुनाताई उठून टेबलापाशी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग निखिलकडे. रागाने नाही. खरंच कळून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, 'म्हंजे ह्यो आधीपासून नाय म्हनत होता?'

'हो,' निखिल म्हणाला. 'पाच दिवस.'

'मंग आयकला का नाय?'

निखिलचे डोळे भरून आले. तो म्हणाला की, हा संगणक एकटाच 'नाही' म्हणत होता, म्हणून.

जमुनाताईंनी मान हलवली. त्या गेले चार दिवस गावात एकट्याच 'नाही' म्हणत होत्या. त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही. मागे विमलबाई उठली. तिने आपल्या पदराच्या गाठीतून किल्ली सोडवली, जावेच्या हातात ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. पण नंतर सगळ्या जणी उठून गेल्या तरी ती बसून होती.

पुरलेली मासळी काही परत येणार नव्हती. मी पुन्हा माझ्या टेबलावर आलो. निखिलने चार आकड्यांना चार नावं दिली. एक दिवसच लागला. मी 'हो' म्हणालो, आणि या वेळी तो मीच होतो. अजूनही मी अधूनमधून अडतो आणि तो अजूनही सुस्कारा सोडतो. पण मग खुर्ची ओढून माझ्यापुढे बसतो आणि मी काय लिहिलं आहे ते वाचतो. मला सासरेबुवा म्हणायचं त्याने सोडलेलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, मित्रांनो, आणि ते मी विनवणीच्या सुरात करणार नाही. तुमच्या वर्गात शिकवताना चाळीस जण माना डोलावतात आणि एखादा हात वर करून म्हणतो, मला हे समजलं नाही. तेव्हा तुम्ही हसता. घाई झालेली असते, तास संपत आलेला असतो, म्हणून कोणीतरी त्याला खाली बसवतं आणि सांगून टाकतं, समजलं त्याला, पुढे चला. तसं करू नका. तो एकटा दिसतो, पण न समजलेले आणि हात वर न केलेले किती तरी जण त्याच्या मागे बसलेले असतात, आणि त्याच्या एका हातावर त्यांचाही भार असतो. त्याच्यासाठी थांबता येत नसेल तर तसं त्याच्या तोंडावर सांगा. पण त्याला समजलं असं त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी म्हणू नये.